पट्ट्यांचा चढउतार आणि माझे मौन

शनिवार, २ जानेवारी १९८२

रोजनिशीची माफी मागतो. दिवाळीनंतर एक ओळ लिहिलेली नाही. कामाचा ताण होता, असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. त्याच दिवसांत मी रोज संध्याकाळी कॅरम खेळत होतो. मन एका जागी नव्हते, हे कारण जास्त खरे. पूर्ण खरे आहे का, ते सवडीने तपासेन.

आता मन एका जागी आहे. मागच्या महिन्यात कंपनीने पुण्याला कोर्सला पाठवले. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कारखान्यांच्या जाळ्यात माहिती कशी वाहते आणि जाळे स्थिर कसे राहते, हा विषय. प्रोफेसर फळ्यावर चौकोन काढत. चौकोन म्हणजे कारखाना. माल जातो ती रेष ठळक, माहिती जाते ती तुटक. तुटक रेषेत उशीर झाला की सगळे जाळे झोके खाऊ लागते. पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथमच वाटले, आपण ज्या टेबलाशी बसतो त्यालाही शास्त्र आहे.

आमचे जाळे तीन चौकोनांचे. सातपूरला आमचा स्विचचा कारखाना. तिथे मी प्लॅनिंग ऑफिसर. स्विचमधल्या पितळी पट्ट्या अंबडला लहानूच्या शेडमध्ये प्रेसवर कापतात. त्या जुन्या नाशकात सोमाकडे प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला जातात आणि तिथून आमच्याकडे येतात. इतके साधे. तरी एका आठवड्यात स्टोअरमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि पुढच्या आठवड्यात पट्ट्यांवाचून सगळी असेंब्ली हातावर हात ठेवून बसते.

वर्क्स मॅनेजरांनी मार्चअखेर रिपोर्ट मागितला आहे. झोके पट्टीवाल्यामुळे असतील तर पट्ट्या ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीकडून घ्यायच्या.

अडचण अशी की पट्टीवाला लहानू हा माझ्या बायकोचा, सुमनचा, सख्खा धाकटा भाऊ. आमच्याखेरीज त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. त्याची शेड राहणार की जाणार, ते माझ्या रिपोर्टवर आहे.

म्हणून संकल्प. पहाटे पाचला उठणे. चहा बंद. आणि रिपोर्ट होईपर्यंत लहानूशी कारखान्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाही. आमच्या भागाला विजेच्या टंचाईमुळे शनिवारची सुट्टी. तो दर शनिवारी दुपारी लूनावर जेवायला येतो आणि आम्ही ताटावर पट्ट्यांचेच बोलत बसतो. हे बरोबर नव्हते. शिवाय शनिवारचे जेवण आकृतीत दाखवता येत नाही. जे आकृतीत दाखवता येत नाही ते सिस्टिममध्ये असू नये.

रविवार, ३ जानेवारी

पाचला उठलो नाही. थंडी फार. चहा अर्धा कप. सुमनने आधीच ओतला होता, टाकून देणे योग्य वाटले नाही.

शनिवार, ९ जानेवारी

लहानू आला. पेरू आणले होते. मी सांगितले, हवापाणी, राजकारण, मुलांची शाळा, काहीही बोल; पट्ट्या नको. तो हसला. म्हणाला, दाजी, मग माझ्याकडं बोलायला राहिलं काय?

त्याने दहीभात संपवला. मग म्हणाला, एवढंच ऐका, सोमाकडं... मी उठून न्हाणीघरात गेलो आणि दार लावले. तो बाहेरून सुमनला मोठ्याने सांगू लागला, आक्का, दाजींना सांग, सोमाकडं लय... ऐकणे आणि विचारणे यांत नैतिकदृष्ट्या फरक आहे का, याचा विचार केला. फरक सापडला नाही. बादलीत नळ सोडला.

बाहेर आलो तेव्हा तो गेला होता. सुमन म्हणाली, काय सांगत होता ते तरी ऐकून घ्या. मी म्हटले, तूही सांगू नकोस, तू पण नातेवाईकच आहेस. ती म्हणाली, हो, तुमचीसुद्धा.

शुक्रवार, १५ जानेवारी

दर शुक्रवारी संध्याकाळी मी पट्ट्यांच्या मागणीची चिठ्ठी काढतो. स्टोअरचा निवृत्ती म्हणाला, पट्टीचे खोके तळाला लागलेत. नियमाने कमी असेल तितके मागायचे, वर थोडी काळजी. मागच्या चिठ्ठीच्या दीडपट मागितले. लहानूने वेळेवर माल दिला असता तर ही वेळ आली नसती. पण हे मी रागाने लिहीत नाही ना? पुन्हा वाचले. राग नाही.

शनिवार, २३ जानेवारी

आमच्या जाळ्याच्या मॉडेलचा घरगुती प्रयोग. चिंचोके म्हणजे पट्ट्या, तीन ताटल्या. सुमन लहानू झाली, विशाखा सोमा झाली, मी मी. नियम: कोणी दुसऱ्याच्या ताटलीत पाहायचे नाही, फक्त चिठ्ठी द्यायची. पहिल्या डावात माझी ताटली कधी रिकामी, कधी ओसंडून गेली. मला आनंद झाला, अगदी कारखान्यासारखे. प्रोफेसरांना पत्र लिहावे असे वाटले.

दुसऱ्या डावात सुमन माझ्या जागी बसली, मी लहानूच्या. तिची ताटली सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहिली. संशय आला. लक्ष ठेवले. प्रत्येक चिठ्ठीआधी ती विशाखाला विचारत होती, तुझ्याकडे किती पडलेत गं, आणि तेवढे कमी मागत होती.

डाव रद्द केला. ही माहितीची रेष आकृतीत नाही. सुमन म्हणाली, मग काढा ना आकृतीत. मी समजावले की आकृती वास्तवाप्रमाणे काढायची असते. विशाखा म्हणाली, बाबा, आई वास्तवच करत होती. दहावीचे वर्ष आहे म्हणून रागावलो नाही.

बुधवार, १० फेब्रुवारी

पाच वाजता उठणे: दोनदा जमले. एकदा चुकून, कुत्र्यांमुळे.

चढउतार वाढला आहे. पूर्वी भरती-ओहोटी यापेक्षा सौम्य असे. आता एका आठवड्यात खोकी जिन्यापर्यंत, दुसऱ्या आठवड्यात झाडून पुसून लख्ख. निवृत्ती म्हणाला, साहेब, आता स्टोअरमध्ये एक तर कबड्डी खेळता येईल, नाही तर आत शिरताही येणार नाही, मधलं काही नाही. मी त्याला समजावले की ही चांगली खूण आहे. पूर्वी घरगुती बोलण्यामुळे मोजमाप भेसळीचे होते. मी मौन धरल्यापासून पट्टीवाल्याचा खरा चढउतार उघडा पडतो आहे.

ग्राफपेपर संपला. मेन रोडवरून आणला. कॅल्क्युलेटर टॉवेलात गुंडाळून घरी नेतो. कंपनीची वस्तू आहे.

मॉडेलमध्ये एक सोय केली आहे, ती नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी लपवले म्हणू नये. आमची सुट्टी शनिवारी, अंबडच्या शेडची सोमवारी, सोमाची बुधवारी. हे तीन वेगळे वार मांडले तर गणित फार किचकट होते. मी तिघांनाही रविवार धरला. आठवड्याला एक सुट्टी म्हणजे एकच सुट्टी. बेरीज बदलत नाही.

शनिवार, २० फेब्रुवारी

लहानू जेवायला आला नाही. दोन आठवडे माझी चिठ्ठी दुप्पट गेली. सुमनकडून कळले, म्हणजे तिने मला न विचारता सांगितले, की त्याने दोन बाया वाढवल्या आणि स्वतः प्रेसवर उभा राहतो.

याचे मी काय करू? ऐकलेली माहिती परत देता येत नाही. ती वापरणार नाही, इतके करू शकतो. वापरली नाही. कालच्याच पद्धतीने पुढची चिठ्ठी काढीन.

शुक्रवार, ५ मार्च

सोमाचा टेम्पो आज सकाळी दोनदा आला. आधीच्या तीन चिठ्ठ्यांचा माल एकदम. निवृत्तीने खोकी कँटीनच्या व्हरांड्यात लावली. चिठ्ठीवर शून्य लिहिले. शून्य लिहिताना हात थोडा थांबला. का थांबला? तो माझा मेहुणा आहे म्हणून. मग लगेच लिहिले.

सोमवार, ८ मार्च

प्रत्यक्ष निरीक्षण करावे म्हणून सायकलने अंबडला जायला निघालो. अर्ध्या वाटेत आठवले, आज त्यांची सुट्टी. परत आलो. वेळ वाया गेला नाही. वारा तोंडावर होता आणि व्यायाम झाला.

मंगळवार, ९ मार्च

रजा काढून अंबडला गेलो. लहानू पत्रा आणायला गेला होता, ते बरेच झाले. प्रेस बंद. आठही बाया दारात सावलीला बसलेल्या. त्यांतली कुसाबाई सगळ्यांत जुनी. मला पाहून सरकली आणि म्हणाली, या साहेब, बसा, आज आमीबी तुमच्यावानी बसूनच पगार घेतो. बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मी विचारले, काम का बंद? म्हणाली, आवं तुमीच तर बंद केलंय. मागल्या येळेला लहानूभाऊ म्हनत व्हते, मान वर काढू नका. आता म्हनतेत, घरी जाऊन मान टेका. आमची मान हाय का तुमचा स्विच, चालू-बंद करायला?

मी वहीत लिहिले: कामगारांत शिस्तीचा अभाव, मनोबल अस्थिर. मग अस्थिर हा शब्द बरा वाटला नाही. खोडला. मग वाटले, खोडणे हाच पक्षपात. पुन्हा लिहिला.

निघताना तिने पाणी दिले. म्हणाली, नव्या दोघी उद्यापासून येनार न्हाईत, तेवढं तुमच्या वहीत मांडा. मांडले.

शुक्रवार, २६ मार्च

रिपोर्ट दिला. आलेख तीन रंगांत. सगळ्यात मोठी लाट पट्टीच्या चौकोनावर. निष्कर्ष: अस्थिरता पट्टीच्या टप्प्यावर उगम पावते असे दिसते. "असे दिसते" हे शब्द दोनदा काढले, दोनदा घातले.

काल सारा दिवस एकच प्रश्न. मी लहानूवर जास्त कडक झालो का, केवळ तो आपला आहे म्हणून? लोक काय म्हणतील याच्या भीतीने? माझे वडील म्युनिसिपालटीत होते. ते म्हणत, आपल्या माणसाची बाजू घेतली की जग आपल्याला पहिल्या जागी पोचवते, म्हणजे दाराबाहेर. ते मनात होते का? होते. पण ज्याला असा प्रश्न पडतो तो पक्षपाती असू शकत नाही, असे शेवटी ठरवले. झोप नीट लागली नाही. चहा पुन्हा सुरू.

शुक्रवार, २ एप्रिल

पट्ट्यांचे काम ठाण्याला गेले. मॅनेजर म्हणाले, पगारे, स्वतःच्या मेहुण्याबद्दल असं लिहायला छाती लागते. मी म्हटले, सर, लिहिले मी नाही, आकड्यांनी. हे वाक्य दिवसभर आवडत होते. संध्याकाळी सुमनला सांगितले. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. नंतर म्हणाली, आकडे शनिवारी जेवायला येत होते का?

बुधवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, संध्याकाळी मिरवणूक. विशाखाने पांढरी साडी नेसली होती, पहिल्यांदाच. मिरवणुकीत लहानू भेटला. निळा फेटा बांधलेला. त्याने माझ्या पाया पडायला वाकून मध्येच नमस्कार केला, जयभीम दाजी म्हणाला आणि लेझीम खेळणाऱ्यांत शिरला. आता त्याच्याशी वाटेल ते बोलायला मला मोकळीक होती. बोलण्यासारखे काही सुचले नाही.

कुसाबाई भेटली. कांद्याच्या चाळीवर जाते म्हणाली. मी विचारले, काम कसे आहे. म्हणाली, बरं हाय, कांद्याला कोनी चिठ्ठी देत न्हाई, कांदा दिसला की उचलायचा.

शुक्रवार, ३० एप्रिल

ठाण्याच्या पट्ट्यांनी स्टोअर भरले आणि रिकामे झाले, पुन्हा भरले. लाट तशीच, उलट मोठी, कारण ठाणे अंबडपेक्षा लांब. तीन दिवस मी ठाणेवाल्यांना दोष दिला. त्यांना कडक पत्र लिहिले. पाठवले नाही, भाषा तपासायची होती.

आज मॅनेजरांनी बोलावले. रागावले असते तर बरे झाले असते. ते हसत होते. म्हणाले, पगारे, पट्टीवाला बदलला, प्लेटिंगसुद्धा तेच लोक करतात, म्हणजे सोमाही गेला. झोका तोच राहिला. आता जुन्यातलं उरलं कोण?

मी सांगणार होतो, निवृत्ती. सांगितले नाही, एवढे तरी बरे केले. टेबलाशी येऊन आकृती उघडली. तीन चौकोन. माझ्या टेबलाचा चौकोन मी काढलाच नव्हता.

शनिवार, १ मे

झेंडावंदन करून आलो आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तिघांचे सुट्टीचे वार आपापल्या जागी ठेवले. चित्र असे: शुक्रवारी मी चिठ्ठी काढतो. शनिवारी आम्ही बंद, लहानूला ती रविवारी मिळते. सोमवारी तो बंद. मंगळवारी पट्ट्या कापल्या की बुधवारी सोमा बंद. पुढचा शुक्रवार येतो तेव्हा माल सोमाच्या ओट्यावर पडलेला असतो आणि मी रिकामी खोकी पाहून तोच माल दुसऱ्यांदा मागतो. मग दोन्ही येतात. मग मी शून्य लिहितो.

गणितात एकच गोष्ट वाढवली. वाटेत पडून असलेला माल वजा करून मागणी करायची. लाट बसली. आलेख पाटीसारखा सपाट झाला. किती सोपे. हा आकडा मिळवायला फक्त एका माणसाने आठवड्यातून एकदा भेटून सांगायला हवे.

सुमनला दाखवले. तिने ग्राफपेपर बराच वेळ पाहिला. म्हणाली, तो सांगत होता. तुम्ही नळ सोडला होता.

मी विचारले, नेमके काय म्हणाला होता? ती म्हणाली, सोमाकडं लय माल पडलाय, ह्या वेळी कमी मागा, नाय तर दोन्ही एकदम येतील.

मंगळवार, ४ मे

रिपोर्टला पुरवणी लिहिली. चूक माझी, टेबल माझे, पट्टीवाला निर्दोष. या वेळी "असे दिसते" कुठेही नाही. मॅनेजरांनी वाचली. म्हणाले, फार चांगलं काम, पुढच्या कोर्सला तुम्हालाच पाठवू. मी म्हटले, सर, लहानूला परत काम. ते म्हणाले, ठाण्याशी वर्षाचा करार झालाय, आणि एक सांगू का, आता तुम्ही मेहुण्यासाठी बोलताय असं वाटेल.

मी गप्प बसलो. जिन्यात आल्यावर लक्षात आले की गप्प बसायची आता मला सवयच झाली आहे. परत वर जाऊन बोलायला हवे होते. पहिल्या पायरीपर्यंत गेलो. ते जेवायला निघाले होते.

शुक्रवार, ७ मे

लहानूने प्रेस विकली. सटाण्याच्या एका माणसाने घेतली. तो स्टोव्हचे भाग करणार. शेड महिनाअखेर रिकामी. लहानू सध्या त्याच माणसाकडे प्रेस चालवायला जाईल. स्वतःचीच प्रेस, नोकरीवर. हे सगळे तो संध्याकाळी घरी येऊन सांगत होता, सुमनला नाही, मला. मी ऐकत होतो. मध्ये एकदाही उठलो नाही.

मी म्हटले, चूक माझ्या टेबलाची होती. तो म्हणाला, दाजी, ते मला जानेवारीतच कळलं व्हतं. मी विचारले, मग भांडला का नाहीस? पेल्यातला चहा हलवत तो म्हणाला, तुम्ही इतके नेकीनं वागत व्हता, मला वाटलं आपलंच काही चुकत असंल.

माझा हेतू शुद्ध होता, असे लिहून पाहिले. खोडले.

जाताना म्हणाला, टेम्पो उद्या सकाळी येणार आहे. प्रेस जड, बाया आता नाहीत, सोमाची माणसं यायची नाहीत. चौघं लागतात, तिघं आहेत. त्याने मला ये म्हटले नाही. उद्या शनिवार, मला सुट्टी आहे, हे त्याला माहीत आहे.

उद्या: सकाळी अंबडला जाणे, प्रेस उचलायला.